टोमॅटो लागतात, पण चव लागत नाही

परसबाग : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

घरच्या टोमॅटोविषयी प्रश्न पाठवा, असे गेल्या अंकात लिहिले होते. आलेल्या पत्रांत कीड-रोगांपेक्षा चवीचीच तक्रार जास्त आहे, आणि ते योग्यच आहे. किलो-दोन किलो टोमॅटो कुठल्याही भाजीवाल्याकडे मिळतात. घरी लावायचे ते चवीसाठीच. नाशिक शहर आणि आसपासच्या तालुक्यांतून आलेली निवडक पत्रे इथे घेतली आहेत.

प्रश्न : गच्चीवर सहा कुंड्यांत टोमॅटो लावले आहेत. रोपे नर्सरीतून आणली. दर पंधरा दिवसांनी गांडूळखत घालते, सकाळ-संध्याकाळ पाणी देते. झाडे हिरवीगार आहेत, फळेही भरपूर आहेत, पण खाताना बाजारच्या टोमॅटोपेक्षा वेगळे काही लागत नाही. कुठे चुकते आहे? – इंदिरानगर

उत्तर : तुमची मेहनत कमी नाही, उलट थोडी जास्तच होते आहे. रोप, गांडूळखतातले नत्र (नायट्रोजन) आणि पाणी, ही तिन्ही कारणे तुमच्या पत्रातच आहेत.

टोमॅटोची चव साखर, आंबटपणा आणि वास यांनी बनते. साखर कमी पडली तर फळ नुसतेच आंबट लागते. आम्ल कमी पडले तर मिळमिळीत लागते. आणि वास नसला तर बाकी दोन्ही असूनही टोमॅटो खाल्ल्याचे समाधान होत नाही. एक फळ आडवे कापून पाहा. बियांभोवती जो जेलीसारखा गर असतो, त्यात आंबटपणा जास्त असतो. बाहेरच्या जाड मांसल भागात तो कमी असतो. जाड भिंतीचा, कमी गराचा टोमॅटो टिकतो छान, पण जिभेला फारसे काही देत नाही.

नाशिकच्या आसपासच्या बहुतेक रोपवाटिका शेतकऱ्यांसाठी रोपे करतात. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात २० किलोच्या कॅरेटमध्ये भरलेला माल ट्रकने दिल्लीपर्यंत जायचा असतो. त्यासाठी कडक सालीचे, न फुटणारे, एकसारख्या रंगाचे संकरित वाण लागतात, आणि ते बरोबरही आहे. पण तेच रोप गच्चीत लावले की फळही तसेच येणार. जुन्या वाणांच्या कच्च्या फळाला देठाजवळ गडद हिरवा पट्टा असतो. फळ सगळीकडून सारखे लाल दिसावे म्हणून निवड करता करता नव्या वाणांतून तो पट्टा गेला. तो गडद हिरवा भाग फळातच थोडी साखर तयार करत असतो, हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून कळले. पट्ट्याबरोबर थोडी गोडीही गेली, ती अशी.

वाण आता बदलता येणार नाही, पण खत-पाणी बदलता येईल. गांडूळखत महिनाभर पूर्ण बंद करा. नत्र जास्त झाले की झाड पाने आणि शेंडेच वाढवत राहते आणि फळ पाणचट होते. पाणी एकच वेळ, सकाळी द्या. आठवड्यातून एकदा ०:०:५० (हे आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद म्हणजे फॉस्फरस आणि पालाश म्हणजे पोटॅश यांच्या टक्क्यांचे) हे विद्राव्य खत लिटरला २ ग्रॅम या प्रमाणात विरघळवून कुंडीला अर्धा लिटर द्या. फरक लगेच दिसणार नाही. आज हिरवी असलेली आणि तीन-चार आठवड्यांनी पिकणारी फळे खाऊन पाहा.

प्रश्न : मग चवीसाठी कोणते वाण लावावे? बियाणे कुठे बघावे? – गंगापूर रोड

उत्तर : पहिल्यांदाच लावत असाल तर एक तरी झाड चेरी टोमॅटोचे लावा. फळ लहान असले की साखर एकवटते. त्यामुळे थोडी हयगय झाली तरी चेरी टोमॅटो गोड लागतोच. नेहमीच्या स्वयंपाकासाठी 'पुसा रुबी' घ्या. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेचे हे जुने, सरळ, म्हणजे संकरित नसलेले वाण आहे. फळ चपटे, किंचित खाचदार, रसाळ आणि चांगले आंबट. साल पातळ असल्याने बाजारासाठी ते मागे पडले, पण आमटी, सार, कोशिंबीर यांना अजूनही तेच शोभते. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे 'भाग्यश्री' गडद लाल आणि कमी बियांचे आहे, चटणी-सॉससाठी उत्तम. विद्यापीठाच्या विक्री केंद्रात किंवा मोठ्या कृषी सेवा केंद्रात चौकशी करा.

आठवडे बाजारात कधीकधी गावठी म्हणून लहान, कळ्या-कळ्यांचे, पातळ सालीचे टोमॅटो मिळतात. त्यांच्या बिया धरून लावायला हरकत नाही. तीन झाडांचीच जागा असेल तर एक चेरी, एक पुसा रुबी आणि एक गावठी लावा. बंगळूरच्या संस्थेचे 'अर्का रक्षक' तीन रोगांना तोंड देते म्हणून पुष्कळजण सुचवतात. रोगाचा फार त्रास असेल तिथे ते जरूर लावावे, पण निव्वळ चवीसाठी ते आमची पहिली निवड नाही.

प्रश्न : नाशिकच्या हवेत टोमॅटो नेमके कधी लावावेत? पावसाळ्यात लावले तर पाने करपून जातात. – सिडको

उत्तर : शेतकरी पावसाळ्यात लावतात ते बाजारभावाच्या हिशेबाने, आणि त्यासाठी फवारणीचे वेळापत्रक पाळतात. घरी ते करू नये. ढगाळ हवेत पानांना ऊन मिळत नाही, म्हणजे साखरही तयार होत नाही. वर सततच्या ओलीने करपा येतो तो वेगळाच.

रात्रीचे तापमान १५ ते २० अंश आणि दिवसाचे २१ ते २८ अंश असताना फळधारणा सर्वांत चांगली होते. नाशिकमध्ये त्याच्या जवळपासची हवा दोनदा मिळते, एकदा ऑक्टोबर ते नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत आणि पुन्हा फेब्रुवारी-मार्चमध्ये. झाड फुलावर येणे त्या काळात बसले पाहिजे. रोप लावल्यापासून फुले यायला साधारण महिना लागतो आणि फुलापासून लाल फळापर्यंत ४५ ते ५० दिवस. म्हणून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात बी टाका आणि २० सप्टेंबरच्या सुमारास रोपे कुंडीत लावा. डिसेंबरच्या सुरुवातीपासून फळ मिळेल. हा हंगाम चवीला सर्वांत भरवशाचा, कारण ऊन स्वच्छ असते आणि फळ सावकाश पिकते. इगतपुरी-त्र्यंबककडच्या वाचकांनी पाऊस पूर्ण उघडेपर्यंत, म्हणजे ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत थांबावे.

दुसरी लागवड नोव्हेंबरअखेर बी टाकून जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात करता येते. थंडीत रोप महिनाभर हलत नाही. घाबरून खत वाढवू नका, फेब्रुवारीत ते आपोआप उठते. याची फळे मार्चअखेर-एप्रिलमध्ये येतात. पारा ३२ च्या वर गेला की लाल रंग धरणे मंदावते आणि फळ नारिंगी राहते. देठाकडचा भाग पिवळा, कडक राहू शकतो. त्यासाठी मार्चअखेरीपासून दुपारच्या उन्हाच्या बाजूला ३५ टक्क्यांची शेडनेट बांधा. ५० टक्क्यांची नको, सावली फार होते.

प्रश्न : आमच्या अंगणात काळी माती आहे. पाऊस पडला की चिखल, ऊन पडले की भेगा. अशा मातीत टोमॅटो येतील का, की कुंडीत लावावेत? कुंडीत माती कशी भरावी? – मखमलाबाद

उत्तर : येतील, आणि चवदार येतील. काळ्या मातीत चुना आणि पालाश यांची सहसा उणीव नसते. अडचण निचऱ्याची असते. म्हणून सपाट जमिनीत न लावता एक फूट उंचीचा गादीवाफा करा. चौरस मीटरला ३ ते ४ किलो पूर्ण कुजलेले शेणखत मिसळा आणि रोपांत दोन फूट अंतर ठेवा. लागवडीनंतर उसाचे पाचट किंवा वाळलेला पाला दोन-तीन इंच जाड पसरा. काळी माती वाळून भेगाळली की मुळे अक्षरशः तुटतात. आच्छादनाने ते टळते.

कुंडीत लावायचे तर लहान कुंडी घेऊ नका. आखूड वाढीच्या झाडाला १२ बाय १२ इंचाची ग्रो बॅग कशीबशी पुरते. उंच वाढणाऱ्या आणि चेरी वाणांना १५ बाय १५ इंचाची लागते. लहान कुंडी दुपारपर्यंत कोरडी पडते, संध्याकाळी पुन्हा चिंब होते, आणि या हेलकाव्यातच अर्ध्याहून जास्त तक्रारी जन्माला येतात. भरण्यासाठी चार घमेली लाल किंवा पोयट्याची माती, तीन घमेली जुने शेणखत, दोन घमेली भिजवून पिळलेले कोकोपीट आणि एक घमेले भाताचे तूस घ्या. प्रत्येक बॅगेत १०० ग्रॅम निंबोळी पेंड मिसळा. नुसते कोकोपीट आणि गांडूळखत भरून केलेली हलकी कुंडी गच्चीला सोयीची असते, पण तिच्यात पोषण लवकर संपते आणि झाड पूर्णपणे विद्राव्य खतांवर अवलंबून राहते.

रोप २५ ते ३० दिवसांचे, चार-सहा पानांचे असावे. खालची दोन पाने खुडून खोडाचा अर्धा भाग मातीत जाईल इतके खोल लावा. पुरलेल्या खोडाला नवी मुळे फुटतात. बांबूही त्याच दिवशी रोवा, नंतर रोवला तर मुळे दुखावतात. पहिला फुलोरा दिसेपर्यंत आठवड्याला एकदा १९:१९:१९ लिटरला २ ग्रॅम, बॅगेला अर्धा लिटर द्या. पहिली फळे वाटाण्याएवढी झाली की ते बंद करून १३:०:४५ त्याच मापाने सुरू करा, आणि फळ रंग धरू लागले की ०:०:५०. विद्राव्य खत नको असेल तर पहिल्या फुलोऱ्यावर दोन मुठी शेणखत आणि एक मूठ निंबोळी पेंड वरून मिसळा आणि तिथेच थांबा.

प्रश्न : पाण्याबद्दल दोन टोकांचे सल्ले मिळतात. कोणी म्हणते माती सतत ओली ठेवा, कोणी म्हणते झाडाला ताण द्या म्हणजे गोडी येते. खरे कोणते? – नाशिक रोड

उत्तर : दोन्ही खरे आहेत, फक्त वेळ वेगळी आहे. फळ धरून ते पूर्ण आकाराचे होईपर्यंत ओल एकसारखी हवी. फळ रंग धरू लागल्यावर पाणी थोडे कमी करायचे.

एकसारखी ओल म्हणजे चिखल नव्हे, वाफसा. दोन पेरं बोट मातीत घाला. माती ओलसर लागली पण बोटाला चिकटली नाही तर वाफसा आहे, त्या दिवशी पाणी नको. चिकटली तर जास्त ओल आहे. कोरडी भुरभुरीत लागली तर उशीर झाला. १५ इंची बॅगेतल्या पूर्ण वाढलेल्या झाडाला ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रोज साधारण २ लिटर आणि एप्रिलमध्ये ३ ते ४ लिटर पाणी लागते. हे माप सुरुवातीला धरा आणि पुढे बोटाने ठरवा. अंगणातल्या काळ्या मातीत रोज शिंपडू नका. चार-सहा दिवसांनी एकदा, पण खोलवर मुरेल इतके द्या.

पहिल्या घोसातले फळ देठाच्या विरुद्ध बाजूला गुलाबी-पिवळसर झाले की रोजच्या पाण्यातला पाव हिस्सा कमी करा. २ लिटर देत असाल तर दीड लिटर. फळात जाणारे पाणी घटते, साखर आणि आम्ल तेवढेच राहते, म्हणून चव गडद होते. फळ थोडे लहान राहील, आणि ते मान्य करावेच लागते. मोठे फळ आणि दाट चव एकाच झाडाकडून एकाच वेळी सहसा मिळत नाही. दुपारी पाने किंचित मलूल होऊन संध्याकाळी सावरली तर ताण योग्य आहे. सकाळीच मान टाकलेली दिसली तर ताण जास्त झाला. मग एकदम बादलीभर पाणी ओतू नका, साल ताणली जाऊन फळे तडकतात. अर्धा लिटर, तासाभराने पुन्हा अर्धा लिटर, असे द्या. अवकाळी पावसाचा अंदाज असेल तर रंग धरलेली सगळी फळे आधीच काढून घ्या. कोरड्या मातीवर पाऊस पडला की रातोरात तडे जातात.

प्रश्न : केळीची साल, अंड्याची टरफले, चुलीची राख, एप्सम सॉल्ट, शिवाय पाण्यात चिमूटभर मीठ. यातले काय घातल्याने टोमॅटो गोड होतात? – देवळाली

उत्तर : केळीची साल कंपोस्टमध्ये टाका. नुसती पाण्यात भिजवून केलेल्या अर्कात पालाश फार थोडा उतरतो. अंड्याची टरफले मातीत विरघळायला खूप वेळ घेतात. आपल्याकडची माती बहुधा अल्कधर्मी, म्हणजे तिथे ती आणखीच सावकाश विरघळणार. राख घालू नका. ती सामू (पीएच) आणखी वाढवते, मग लोह उचलले जात नाही आणि कोवळी पाने पिवळी, शिरा हिरव्या असे दिसू लागते. एप्सम सॉल्ट, म्हणजे मॅग्नेशियम सल्फेट, फक्त जुन्या, खालच्या पानांत शिरांमधला भाग पिवळा पडला असेल तरच, लिटरला ५ ग्रॅम घेऊन एकदा फवारा. उगाच दर आठवड्याला घातले तर मॅग्नेशियम कॅल्शियमच्या आड येते आणि फळांचे बूड काळे पडते.

मिठाचे म्हणाल तर किंचित खारट पाण्यावर वाढलेल्या टोमॅटोत साखर जास्त भरते, हे खरे आहे. पण कुंडीतून मीठ सहजी बाहेर जात नाही. बोअरवेलचे जड पाणी देत असाल तर क्षार आधीच साठत असतात, कुंडीच्या काठावर पांढरी पुटे दिसतात ती तीच. मीठ घालू नका. उलट महिन्यातून एकदा कुंडीखालून पाणी वाहून जाईल इतके साधे पाणी द्या.

प्रश्न : फळे हिरवी असतानाच बुडाशी काळी, खोलगट होतात. कॅल्शियमची कमतरता आहे असे कळले म्हणून चुन्याची निवळी दिली, फरक नाही. – पाथर्डी फाटा

उत्तर : फरक पडणार नव्हता. मातीत कॅल्शियम आहे, ते फळाच्या बुडापर्यंत पोहोचत नाही. कॅल्शियम पाण्याबरोबरच वर चढते, आणि पाने पाणी जास्त उडवतात म्हणून बहुतेक कॅल्शियम पानांकडे जाते. माती एकदा कोरडी पडली की सर्वांत आधी फळाचे टोक उपाशी राहते. हे बहुधा पहिल्या घोसावरच, लहान कुंडीत आणि नत्र जास्त असताना होते. युरियासारखी अमोनियाची खते ते आणखी वाढवतात. चुन्याची निवळी बंद करा, तिने सामू वाढतो. काळी फळे तोडून टाका, ती सुधारत नाहीत. आच्छादन घाला, पाणी ठरलेल्या वेळी द्या. आधाराला म्हणून कॅल्शियम नायट्रेट लिटरला ५ ग्रॅम घेऊन लहान फळांवर पडेल असे आठवड्याच्या अंतराने दोनदा फवारता येते, पण खरा इलाज पाण्याची शिस्तच. दुसऱ्या-तिसऱ्या घोसापासून त्रास कमी होतो.

प्रश्न : एप्रिलमध्ये फुले खूप येतात आणि देठासकट गळतात. – सातपूर

उत्तर : दिवसा ३५ अंशांच्या वर आणि रात्री २४ च्या वर पारा गेला की परागकण निकामी होतात आणि फूल गळते. त्यावर औषध नाही. शेडनेट आणि वेळेवर पाणी यांनी थोडा फरक पडतो. लागवड लवकर करणे हाच उपाय आहे. हवा चांगली असतानाही फळ धरत नसेल तर सकाळी १० ते १२ च्या दरम्यान फुलोऱ्याचा देठ बोटाने हलकेच टिचकवा. टोमॅटोचे फूल स्वतःच्याच परागाने फळते, पण पराग झडायला कंप लागतो. भुंगे आणि निळ्या पट्ट्याच्या मधमाश्या फुलाला लटकून गुणगुणतात तेव्हा तो कंप देतात. नेहमीच्या मधमाश्यांना ते साधत नाही. उंच मजल्यावरच्या बाल्कनीत भुंगे क्वचितच येतात, तिथे टिचकी फार कामाची.

प्रश्न : बगलफूट काढावी का? आणि फळांना ऊन लागावे म्हणून पाने काढली तर चव वाढते का? – पंचवटी

उत्तर : फळाची गोडी फळाला लागणाऱ्या उन्हातून फारशी येत नाही. ती मुख्यतः पानांतून येते. पाने ओरबाडून काढलेले झाड फळे लाल करते, पण त्यात भरायला साखर नसते. शिवाय उघड्या फळावर उन्हाचा पांढरट डाग पडतो. पहिला घोस पिकायला लागल्यावर त्याच्या खालची आणि मातीला टेकलेली पानेच काढा. करपा तिथूनच चढतो.

बगलफूट वाणावर अवलंबून आहे. उंच वाढणाऱ्या झाडाला एक किंवा दोनच मुख्य फांद्या ठेवा. पानाच्या बेचक्यातले फुटवे बोटभर लांब होण्याआधी, सकाळी, हाताने मोडा. आखूड झाडाची बगलफूट काढली तर फळच कमी येते. तिथे फक्त पहिल्या घोसाखालची काढा. मोठ्या फळाच्या वाणात एका घोसावर चार-पाचच फळे ठेवून टोकाची बारकी खुडा. थोड्या फळांत जास्त साखर वाटली जाते.

प्रश्न : पाने वरच्या बाजूला वळून बारीक आणि पिवळी होतात, झाड खुरटते. – ओझर

उत्तर : हा पांढऱ्या माशीने पसरणारा पर्णगुच्छ, म्हणजेच लीफ कर्ल विषाणू. झाड बरे होत नाही, उपटून पिशवीत बांधून टाका. पुढच्या लागवडीत रोपे पहिला महिनाभर बारीक जाळीखाली ठेवा. दोन-तीन झाडांमागे एक पिवळा चिकट सापळा लावा आणि पानांच्या खालच्या बाजूला कडुनिंबाचे तेल लिटरला ५ मिली, थोडा द्रव साबण घालून, आठवड्याला संध्याकाळी फवारा. फक्त खालची जुनी पाने आत वळली असतील, रंग हिरवा असेल आणि शेंडा निरोगी असेल, तर तो रोग नाही. उन्हाने किंवा पाण्याच्या कमी-जास्तीने तसे होते.

प्रश्न : द्राक्षबागेमुळे घरात ब्रिक्स मीटर आहे. त्याने टोमॅटोची गोडी मोजता येईल का? किती आकडा चांगला? – दिंडोरी

उत्तर : जरूर मोजा. ब्रिक्स मीटर रसात विरघळलेली, मुख्यतः साखर, टक्क्यांत दाखवते. आपल्या जिल्ह्यात गावोगाव हे यंत्र आहे, त्याचा टोमॅटोसाठी उपयोग केलाच पाहिजे. आधी शुद्ध पाण्याचा थेंब टाकून शून्य जुळवा. फळ उभे चिरून एक फोड गरासकट स्वच्छ फडक्यात पिळा, म्हणजे बिया आणि चोथा मागे राहतो. सावलीत, खोलीच्या तापमानाला आलेल्या फळाचाच रस घ्या. द्राक्षासारखा १६-१८ आकडा शोधू नका. बाजारचा टोमॅटो ४ च्या आसपास असतो, ५ ते ६ आला तर उत्तम समजा. चेरी टोमॅटो ७ ते ९ पर्यंत जातो.

एकाच झाडाची, सारख्या रंगाची दोन-तीन फळे मोजून सरासरी धरा. पाणी कमी करण्याआधी आणि केल्यानंतर पंधरा दिवसांनी मोजलेत तर तुमच्या कुंडीला किती ताण मानवतो हे नेमके कळेल. मात्र मीटर आंबटपणा वेगळा दाखवत नाही आणि वास तर मुळीच नाही. फार पिकलेल्या फळाचा आकडा चांगला असूनही ते मिळमिळीत लागते, कारण आम्ल उतरलेले असते. शेवटचा निकाल जिभेचाच धरा.

प्रश्न : फळ झाडावरच पूर्ण लाल होऊ द्यावे का? बुलबुल टोचतात. काढल्यावर फ्रिजमध्ये ठेवावे का? – कॉलेज रोड

उत्तर : पूर्ण लाल होईपर्यंत थांबलात तर उत्तमच, पण बुलबुल थांबू देत नसतील तर फळाने रंग धरताच काढा. हिरव्यावर गुलाबी झाक आली की घरात २० ते २५ अंशांत ते चार-सहा दिवसांत पिकते आणि चवीत फारसा फरक राहत नाही. पूर्ण हिरवे काढलेले फळ मात्र लाल होते, चवदार होत नाही. देठाची बाजू खाली करून, एकावर एक न रचता, टोपलीत ठेवा. उन्हात ठेवायची गरज नाही.

फ्रिजमध्ये ठेवू नका. १२ अंशांखाली टोमॅटोचा वास तयार होण्याचे काम थांबते. आठवडाभर फ्रिजमध्ये राहिलेले फळ बाहेर काढले तरी तो वास पूर्ण परत येत नाही, हे २०१६ च्या संशोधनात दिसले आहे. फार पिकलेले फळ वाचवायचेच असेल तर दोन-तीन दिवसांपुरते ठेवा आणि खाण्याआधी दिवसभर बाहेर काढून ठेवा. जानेवारीत नाशिकची रात्र ८-१० अंशांपर्यंत उतरते तेव्हा झाडावरच्या फळालाही हाच त्रास होतो. थंडीच्या लाटेत रंग धरलेली फळे संध्याकाळीच तोडून स्वयंपाकघरात आणा.

प्रश्न : चांगल्या लागलेल्या टोमॅटोचे बी धरून ठेवले तर पुढच्या वर्षी तसेच फळ येईल का? – सिन्नर

उत्तर : पुसा रुबी किंवा गावठी असेल तर येईल, संकरित असेल तर भरवसा नाही. निरोगी झाडाच्या दुसऱ्या-तिसऱ्या घोसातले पूर्ण पिकलेले फळ निवडा. गर आणि बिया काचेच्या पेल्यात घेऊन थोडे पाणी घाला आणि दोन-तीन दिवस झाकून ठेवा. वर फेस येतो आणि बियांभोवतीचा बुळबुळीत थर सुटतो. त्याहून जास्त ठेवू नका, बी त्यातच मोड धरते. तरंगणाऱ्या बिया टाकून द्या, तळाच्या चाळणीत धुऊन ताटलीवर पसरा आणि आठवडाभर सावलीत वाळवा. कागदावर वाळवू नका, चिकटतात. वाणाचे नाव आणि वर्ष लिहून कागदी पुडीत घाला आणि पुडी घट्ट झाकणाच्या डब्यात कोरड्या जागी ठेवा. असे बी तीन-चार वर्षे चांगले उगवते.